चकलीचं लेबल आणि जुना पहारेकरी

"पाच मिनिटांचं काम आहे, अक्का! चहा उकळेपर्यंत लेबलं हातात देतो!" असं मी छाती फुगवून म्हणालो, तेव्हा चहा खरोखरच गॅसवर होता.

अनुसूया अक्कांचा होसकोट्यात चकल्यांचा छोटा कारखाना. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी! एका मोठ्या दुकानसाखळीची पहिलीच ऑर्डर त्यांना मिळाली होती. अट एकच, खोक्यांवर नव्या पद्धतीची लेबलं हवीत. ट्रक दारात उभा. आज माल गेला नाही तर ऑर्डर रद्द! आणि लेबलं छापणारा प्रोग्राम लिहिणारा महादेवपुऱ्याचा विद्वान म्हणजे मी.

प्रोग्राम मी कंटेनरमध्ये भरून आणला होता. कंटेनर म्हणजे डबाच हो! आत प्रोग्राम, त्याचा मीठमसाला, सगळा संसार. कुठल्याही संगणकावर उघडा, चालू! अक्कांच्या संगणकावर उघडला. पडद्यावर उमटलं, 'परवानगी नाही'.

"कुणाची परवानगी रे?" अक्कांनी विचारलं.

आता एक सांगून ठेवतो. 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. घसाच बसतो! मी ठणकावलं, "तुमच्या चिरंजीवांची! त्यांचा पासवर्ड लागेल!"

चिरंजीव हयवदन दाताच्या डॉक्टरकडे होते. अक्कांचा फोन गेला आणि ते अर्ध्या दातावरून उठून आले. बधिर जिभेने काहीतरी पुटपुटत त्यांनी पासवर्ड टाकला. परवानगी नाही!

"आता कुणाची?"

"इंटरनेटच्या खोक्याची! बंद करून चालू करा!"

हयवदननी एका हाताने गाल धरला आणि दुसऱ्याने चक्क मेन स्विचच ओढला. खोकं बंद, संगणक बंद आणि चकल्या तळायचं यंत्रही बंद! कढईतल्या चकल्या तेल पीत बसल्या. तळणाऱ्या बायका ओरडल्या. बाहेर ट्रकवाले यल्लाप्पा भोंगा वाजवू लागले, "लेट आयितु, मॅडम!" वीज परत आली, पण परवानगी काही आली नाही.

अक्का स्टुलावर बसल्या. डोळ्यांत पाणी. "ही ऑर्डर गेली तर या बायकांना मी काय काम देऊ रे? खरं सांग बाबा, तुला माहीत आहे का?"

मला फार वाईट वाटलं. शब्द ढकलून बाहेर काढले, "न... नाही. माहीत नाही, अक्का."

"अय्यो! मग हे आधी सांगायचं ना! ज्याला माहीत आहे त्याला विचारू!"

म्हणजे भार्गवीला. ऑफिसात माझ्या शेजारी बसते. सकाळी ती सोबत येत होती, तर 'तू कशाला?' म्हणून मीच तिला उडवून लावलं होतं. फोनवर सगळं ऐकून ती हसायलाच लागली.

"अरे, तो संगणक जुना, त्यातला पहारेकरीही जुना! डब्यातल्या कुठल्या मागण्या मान्य करायच्या, ते तो ठरवतो. तुझा डबा नवा, मागण्या नव्या. त्याने त्या जन्मात ऐकलेल्या नाहीत. सरळ 'माहीत नाही' म्हणाला असता, तर प्रोग्रामने तेच जुन्या पद्धतीने मागितलं असतं! पण हा ऐटीत म्हणतो, 'परवानगी नाही'. प्रोग्राम बिचारा परत! असं कुणी ओळखीचं आठवतं का?"

मी विषय बदलला. "मग पहारेकरीच काढून टाकतो!"

"खबरदार! त्याच संगणकावर अक्कांचा सगळा धंदा आहे. प्रोग्राम तोच ठेव, डबा जुन्या बनावटीचा घे. तो जुन्याच पद्धतीने मागेल. पहारेकरी नंतर सवडीने बदलू."

केलं! प्रिंटर खाकरला आणि लेबल बाहेर आलं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. हयवदनसुद्धा "आयं! आयं!" करून नाचले. मग सगळ्यांनी मिळून लेबलं चिकटवली, यल्लाप्पांनीही! ट्रक कोपऱ्यावरून वळला, तेव्हा अक्कांनी दोन्ही हात जोडले. मग तेल प्यायलेल्या चकल्यांची भली मोठी पिशवी माझ्या हातात ठेवली. "ह्या तुझ्याच!"

निघताना म्हणाल्या, "सरी, बरं तर, घरची बस माहीत आहे ना? की हयवदनला पाठवू?"

"छे हो! माहीत म्हणजे काय!"

हे सगळं मी येलहंक्याच्या, म्हणजे शहराच्या भलत्याच टोकाच्या, बसस्टॉपवर बसून लिहितोय. चकल्या मऊ आहेत, पण चवीला झकास! महादेवपुरा इथून नेमका कुठल्या बाजूला, ते कुणाला तरी विचारणारच आहे. फक्त समोरून ही जी बस येतेय ना, ती बहुतेक आपलीच!