तुरट आवळे आणि वाघाचं पोट

एका जंगलात एका वाघाचं पोट बिघडलं होतं, आणि त्यामुळे बाकी सगळं छान चाललं होतं.

घाबरू नका, बाळांनो. वाघ नुसता पडून असायचा. त्याच्या आतड्यांचा दाह होत होता. जरा धावला की पोटात कळ यायची. त्यामुळे चितळं त्याच्या देखत तळ्यावर निवांत पाणी प्यायची.

त्या चितळांत शलाका नावाची एक हरिणी होती. फार दूरच्या जंगलात शिकून ती नुकतीच परतली होती. तिथे तिने आतड्यांचाच अभ्यास केला होता. आपल्या शिक्षणाचा आपल्या मातीला उपयोग व्हायला हवा, असं तिला मनापासून वाटायचं. मातीने तसं काही मागितलेलं नव्हतं.

"आत्या, मी वाघाला बरं करणार," एक दिवस ती म्हणाली.

यमूआत्याचा घास तोंडातच राहिला. "काय नडलंय? दुखतंय त्याचं, तर दुखू दे की! यंदा कुठे माझी पोरं धड मोठी होताहेत."

"पण आत्या, दाह तो दाह. वाघाचा काय, हरणाचा काय!"

"एवढा कळवळा आहे, तर माझा गुडघा बघ."

"गुडघा माझ्या विषयात येत नाही," शलाका म्हणाली, आणि आवळ्याची फांदी तोंडात धरून निघाली.

वाघाने एक आवळा चावला आणि लगेच थुंकला. "शी! केवढा तुरट!"

"महाराज, तो तुरटपणाच तर कामाचा!" शलाकाचे डोळे चमकले. "झाडांत पॉलिफेनॉल नावाचे पदार्थ असतात. आवळा, जांभूळ, हिरडा यांत तर भरपूर. त्यातले बरेचसे पचतच नाहीत. ते तसेच खाली आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांना फोडतात. त्यातून जे तयार होतं, त्याने दाह शमत असावा."

"असावा?"

"खात्रीने सांगता येत नाही. अभ्यास चालू आहे." शलाका प्रामाणिक होती.

वाघाने कान टवकारले. "हे जिवाणू माझ्या पोटात आहेत का?"

शलाका दोन पावलं पुढे सरकली. ती परतल्यापासून तिला कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

"फार छान प्रश्न! तुमच्याकडे बहुधा कमीच. तुम्ही पाला कुठे खाता? आमच्या पोटात मात्र ते गच्च भरलेत."

"म्हणजे औषध फांदीवर नाहीच. तुझ्या पोटात तयार मिळतं."

"अगदी बरोबर! किती पटकन समजलं तुम्हाला!"

वाघ उठून उभा राहिला.

मग शलाकालाही समजलं. जरा उशिरा.

ती जिवाच्या आकांताने तळ्याकडे पळत सुटली. यमूआत्याची पोरं अगदी काठावर होती. कळपाला सावध करायलाच हवं होतं. "ऐका!" ती ओरडली. "सगळ्यांनी नीट ऐका!"

अख्खा कळप उधळला. सगळ्यांना वाटलं, व्याख्यान सुरू झालं. यमूआत्या सर्वांच्या पुढे. "पळा रे पोरांनो, आली ती!" मागे वळून वाघाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

वाघाला मात्र मध्येच कळ आली. तो पोट आवळून मटकन खाली बसला.

"अहो बाई," तो केविलवाण्या आवाजात ओरडला, "त्या जिवाणूंचं पुढे काय होतं? असं अर्धवट सोडून जाऊ नका हो!"

खरं सांगते बाळांनो, शलाकाचा एक पाय थबकला. नशीब, उरलेले तीन पळत राहिले.

तात्पर्य: आपण बोलू लागताच लोक पळून जातात, याचं वाईट वाटून घेऊ नये. त्यात त्यांचं भलंच असतं. मात्र कुणी अगदी मन लावून ऐकू लागला आणि नेमके प्रश्न विचारू लागला, तर आपण पळावं.