साध्या आवाजातली हाक

विद्यार्थ्यांच्या कानांचे रक्षण करण्याबाबतचे परिपत्रक महाविद्यालयात सोमवारी आले आणि परिपत्रकांच्या रिवाजाप्रमाणे त्याचे उत्तर आदल्या शुक्रवारपर्यंत पाठवायचे होते. मजकूर सोपा होता. विद्यार्थ्याने इअरफोन लावून रोजच्यासारखी गाणी ऐकावीत. हातभर अंतरावरून त्याला साध्या आवाजात हाक मारावी. वळून पाहिले तर ठीक. न पाहिले तर कान धोक्यात आहेत असे समजून त्याला गाण्याचा आवाज कमी करायला लावावा.

अडचण एकच निघाली. अख्ख्या इमारतीत साधा आवाज कुणाकडे नव्हता. प्राध्यापकांचे आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवून पोचवून फाटले होते, क्रीडाशिक्षकांचा मैदानाच्या मापाचा होता, आणि शिपायाने हाक मारली की शेजारच्या इमारतीतले दोघे ओ देत. तीन बैठका झाल्यावर समितीला आवक-जावक विभागातले कारकून आठवले. ते तिन्ही बैठकांना हजर होते आणि हेच सुचवत होते, पण ते कुणाच्या कानी गेले नव्हते. मुले त्यांना कुजबुजकाका म्हणत.

काकांनी काम आनंदाने पत्करले, कारण त्यांची एकुलती एक लेक तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी दात घासायच्या आधीपासून तिच्या कानात इअरफोनची बोंडे. परवा जेवता जेवता ती म्हणाली होती, "आई, ती कुकरची शिट्टी बंद कर ना." कुकर घासून पालथा घातलेला होता. आई हसली, पण काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

पहिल्या दिवशी काकांनी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एकशे चाळीस जणांना हाक मारली. नऊ जणांनी वळून पाहिले. त्यातल्या दोघांच्या इअरफोनचे चार्जिंग संपलेले होते.

प्राचार्यांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "काका, नव्वद टक्क्यांवर मुलं नापास? हा निकाल वर पाठवला तर कॉलेजचं नाक राहील का?"

"मॅडम, नाकाचं नाही, कानाचं..."

"काय म्हणालात?"

"कानाचं."

"जरा मोठ्याने बोला हो! हेच म्हणतेय मी. दोष मुलांच्या कानात नाही, तुमच्या हाकेत आहे."

लगोलग हाक सुधार उपसमिती नेमली गेली. क्रीडाशिक्षकांनी काकांना आठवडाभर पोटातून ओरडायला शिकवले. निकाल तीस टक्क्यांवर आला. मग उपसमितीने हाकेसाठी ध्वनिवर्धक मंजूर केला. अंतर मात्र हातभरच ठेवले, कारण ते नियमात होते. आता हाक सुटली की व्हरांड्यातली कबुतरे उडत, ग्रंथपालबाईंच्या हातून शिक्का पडे, आणि मुलेही वळून बघत. निकाल ऐंशी.

पण मुले काही दूधखुळी नव्हती. हाकेमुळे गाण्याचा विचका होतो म्हणून त्यांनी गाण्याचा आवाज चढवला. निकाल पडला. उपसमितीने ध्वनिवर्धक चढवला. मुलांनी पुन्हा गाणे चढवले. पंधरा दिवस कुणी माघार घेतली नाही. शेवटी उपसमितीचा ध्वनिवर्धक मोठा निघाला आणि 'श्रवण सुरक्षित' असे छापलेली कार्डे भराभर वाटली गेली. महाविद्यालयाला 'आदर्श श्रवण संस्था' हा सन्मानही जाहीर झाला. शंभर टक्क्यांना एकच कार्ड कमी होते, काकांच्या लेकीचे.

ती व्हरांड्यातल्या बाकावर वही उतरवत बसली होती. इअरफोन डबीत आणि डबी बाजूला. तपासणीआधी ते लावायला सांगावे म्हणून काका हातभर अंतरावर उभे राहिले. ध्वनिवर्धक बंदच होता. ती पाळण्यात असल्यापासून ज्या आवाजात हाक मारत आले होते, त्याच आवाजात ते म्हणाले, "बाळा."

तिने पान उलटले.

काकांनी चार वेळा हाक मारली. चौथ्या हाकेलाही तिने मान वर केली नाही. त्यांनी कार्डावर लिहिले, 'नापास'.

एकच गहजब उडाला. "शंभर टक्क्यांत एक नापास मी बसवू कुठे?" प्राचार्यांनी विचारले, आणि बसवलेही. लेकीची नोंद 'गैरहजर' अशी झाली.

घरी बायको कडाडली, "जगाची पोरं पास आणि पोटच्या पोरीला नापास केलंत? उद्या लोक हिला बहिरी म्हणतील!"

काका काहीतरी पुटपुटले, ते नेहमीप्रमाणे हवेत विरले.

तेवढ्यात लेक कार्ड नाचवत आली. "बाबा, हे काय? तुम्ही माझी तपासणी केलीच कधी? मी तर नुसती लिहीत बसले होते. कानात काही नव्हतंसुद्धा!"

बोलता बोलता ती थांबली. "तुम्ही... मला हाक मारली होती?"

"चार वेळा."

"काय?"

काकांनी चार बोटे वर केली.

ती त्या बोटांकडे बघतच राहिली. मग जवळ येऊन, लहानपणी बसायची तशी त्यांना चिकटून बसली. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे याल माझ्याबरोबर?"

"येईन," काका म्हणाले, आणि या खेपेला तिला कळावे म्हणून मानही हलवली.

सन्मानपत्र आता महाविद्यालयाच्या दारात लावले आहे. निकाल शंभर टक्के असून तुमचा-आमचा कानही त्यातच सुरक्षित धरलेला आहे. मघाशी तुम्ही हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. दोनदा. साध्याच आवाजात. जाऊन विचारा.