किसनअण्णांच्या दारातला नळ

स्वतःच्या घराला पांढरा चुना लावायचा की निळा, हे ठरवायला किसनअण्णांनी गल्लीची सभा बोलावली होती. बहुमत निळ्याला पडलं. अण्णांना निळा रंग डोळ्यासमोर नको असायचा. पण पुढं कितीतरी वर्षं ते त्या निळ्या घरात मुकाट राहिले. कोणी विचारलं तर म्हणत, “पब्लिकनं ठरवलं. आपुन कोण?”

मी लग्न होऊन जुन्या जालन्यात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं घर गल्लीच्या वरच्या टोकाकडे; खिडकीतून खाली अण्णांचं दार दिसे. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी तोलण्यात त्यांची उमर गेली. तिथं त्यांना कधी कोणी काही विचारलं नव्हतं. मग पहिली निवडणूक आली आणि थेट सरकारनंच त्यांचं मत विचारलं. त्या दिवशी शाई लागलेलं बोट ते वर धरून घरी आले, आणि तेव्हापासून त्यांना विचारण्याचं वेडच लागलं. “विचारायला काय खर्चा लागतो?” हे त्यांचं पालुपद.

त्यांचं शिक्षण उर्दू शाळेतलं. लोकांनी एकमेकांची जबान समजून घेतली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. म्हणून ते माझ्या सासूबाईंना ‘जम्हूरियत’ काय चीज आहे ते अस्सल उर्दूत समजावत, आणि बांगड्यांवाल्या रजियाबींना ‘लोकशाही’वर छापील मराठीत व्याख्यान देत. अण्णा आपल्यावर कशावरून तरी चिडलेत, एवढंच दोघींना कळे.

अशात नगरपालिकेनं आमच्या गल्लीला एक नळ द्यायचं ठरवलं. जागा तुम्हीच ठरवा, म्हणाले. अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. वरच्या टोकाची पुरुषमंडळी मारुतीच्या पारावर जमली आणि चहा यायच्या आत नळ पाराशेजारी बसवूनही मोकळी झाली. तेव्हा अण्णा उठले. इथं बसलेल्यांपैकी रोज घरी पाणी कोण भरतं, असं त्यांनी विचारलं. जो तो चहाची वाट बघू लागला.

“मंग तुमचं मत कशाला?” अण्णा म्हणाले. “घागर जिच्या डोक्यावर, मत तिचं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या अंगणात बायकांची सभा भरली. सासूबाई नाक मुरडत का होईना, सर्वांत आधी जाऊन बसल्या. रजियाबी बुरख्यात आल्या. खालच्या टोकाला चांभारांची घरं होती. तिथली सखू मात्र अंगणाच्या बाहेर, रस्त्यावरच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. अण्णांनी जरा विचार केला, आम्हा सगळ्यांना उठवलं, सतरंजी ओढत रस्त्यावर नेली आणि सखूच्या पायांशी अंथरली. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्या खोळंबल्या, पण सभा झाली.

सखूची माणसं कुंडलिका नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत. तिनं एकच विचारलं, “वरच्या अंगाला नळ बसला तर आमाला हात लावू देताल का?”

सासूबाई पदर सारखा करत बसल्या. उत्तर कोणी दिलंच नाही, पण नळ मारुतीपाशी नको हे त्या गप्प बसण्यातच ठरलं. गल्लीची मधली जागा शोधली तर ती नेमकी अण्णांच्या ओट्यावर येत होती. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः पहार घेऊन ओटा फोडला.

नळ आला, पाणी आलं, आणि सखू भरून गेली की सासूबाई चिंच लावून तोटी घासायला लागल्या. अण्णांनी दारातून ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच चिंचेचा गोळा घेऊन नळापाशी ठाण मांडून बसले. सखूनं भरलं, त्यांनी तोटी घासली. रजियाबींनी भरलं, घासली. सासूबाईंनी भरलं, तेव्हा तर दोनदा घासली.

“माझ्यामागं कशाला?” सासूबाई म्हणाल्या.

“कायदा सगळ्यांना बराबर पाहिजे, वहिनी.”

पाणी जायची वेळ झाली तरी निम्म्या घागरी रिकाम्या. गल्लीतले पुरुष बिनअंघोळीचे कचेरीत गेले. अण्णांचं घासणं मात्र आठवडाभर चाललं. शेवटी सासूबाईंनीच तो गोळा त्यांच्या हातातून घेऊन गटारात टाकला. त्यानंतर तोटी कोणी घासली नाही.

पुढं अण्णांनीच अर्ज-विनंत्या करकरून गल्लीच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक नळ मिळवला. जिला जो जवळ, तिथं ती जायला लागली, आणि अण्णांच्या दारातली गर्दी ओसरली. एवढ्या खटपटीनंतर अण्णा खूश दिसतील असं वाटलं होतं, पण ते पहाटे उठून आपल्या नळापाशी नुसते उभे राहायचे. बायका भांडतात, झोप होऊ देत नाहीत, अशी रोज तक्रार करणारा माणूस एक दिवस मला म्हणाला, “सूनबाई, अनसूया गेल्यापासून ह्या घरात बाईमाणसाचा आवाज न्हवता. मधी काही दिवस दारात लई गलका झाला बघा.”

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची घागर जागेवर नव्हती. खिडकीतून पाहिलं तर सासूबाई, मारुतीजवळचा नळ सोडून, अण्णांच्या दारात उभ्या. त्यांच्या पुढं सखू होती, तीही खालच्या टोकाचा नळ सोडून आलेली. तिचा हंडा भरायचा होता, आणि तो भरेपर्यंत सासूबाई कमरेवर रिकामी घागर घेऊन, तिकडचं पाणी कसं गढूळ येतंय ते अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगत होत्या.