मानसिंगतात्यांच्या सीडी प्लेयरची मोटर

मोटर थांबली की माणसाने उठावे, हा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील नागरिकशास्त्राचा पहिला धडा आहे. शेतीची लाईट आठ तास, तीही पाळीने. त्यामुळे इथला माणूस जेवताना, झोपेत आणि अक्षता टाकतानाही एक कान विहिरीकडे ठेवून असतो. (उरलेल्या कानाने तो संसार करतो.)

काटेवाडीच्या मानसिंगतात्यांनी हीच शिस्त सीडी प्लेयरला लावली, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. यंत्र तळहाताएवढे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. सेल पुरण्याचा कालावधी कंपनीच्या मते बारा तास, तात्यांच्या हातात सव्वा तास.

सदर यंत्राची वागणूक अशी, की आतली मोटर तबकडी फिरवून पुढचे गाणे थोडे थोडे साठवून घेते आणि सेल वाचवण्यासाठी थांबते. गाणे चालूच राहते. पण झाकणाच्या काचेतून थांबलेली तबकडी दिसली रे दिसली, की तात्या "मोटर बसली" म्हणून झाकण उघडत, तबकडीला बोटाने धक्का देत आणि पुन्हा चालू करत. गाणे पहिल्यापासून सुरू होई. (चालू होताना मोटर सगळ्यात जास्त खाते, हे गावाला तात्यांनीच शिकवले आहे.) अशा काळजीपोटी वीस वर्षांत अंदाजे अकराशे सेल कामी आले. नऊ मिनिटांच्या भजनाचे पहिले मिनिट तात्यांना तोंडपाठ झाले. दुसरे मिनिट कधी कानावर पडले नाही.

बाब घरगुतीच राहिली असती. पण यंदा मोरगावच्या भजनात गावच्या भजनी मंडळाच्या पुढे कोण बसणार, यावर वाद उठला. दोन हजार चार साली शेवटचा वरचा सूर आपण लावला, या दाव्यावर तात्या आजवर पुढे बसत आले. मंडळातलाच रामहरी सुतार म्हणत होता, तो सूर माझा. पुरावा तबकडीत, कारण त्या साली मंडळाने म्हटलेले तेच भजन तिच्यावर भरलेले. (ती दुसऱ्या यंत्रात घालायला तात्यांचा नकार होता. परक्या मोटरचा काय भरवसा?)

मंडळ ओसरीवर जमले. नवे सेल घातले, छोटे स्पीकर जोडले. पाऊण मिनिटात तबकडी थांबली आणि तात्यांचा हात निघाला. त्यांची सून विजयमाला एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला. तिने झाकणावर तळहात ठेवला.

"तात्या, आमच्यात टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हतो. दूध यायचं थांबतंय व्हय?"

"आगं, जळंल ती."

"जळू द्या. तुमी बसा."

तात्या बसले. मोटर थांबलेली असताना ते बसल्याची ही पहिलीच नोंद.

आठव्या मिनिटाला टाळ चढले. वरचा सूर आता लागणार, तोच तबकडीतून खुद्द तात्यांचा आवाज आला, अगदी स्वच्छ: "लाईट आली रं. तुमी चालू द्या, मी मोटर टाकून येतो." पायताणे लांब लांब गेली. मग रामहरीचा सूर लागला.



"मानसिंगराव," रामहरीने विचारले, "चालली का मग मोटर त्या दिशी?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "बांधावर पोचस्तवर लाईट गेली."

यंदा मोरगावला रामहरी पुढे बसेल.

वाचकहो, हे वाचताना मोबाईलच्या कोपऱ्यातली टक्केवारी आपण किती वेळा पाहिलीत, हे मंडळ विचारत नाही. फक्त गेल्या शाळेच्या गॅदरिंगला आपण चार्जर शोधत होता, तेव्हा आपल्या मुलीने कोणते गाणे म्हटले, तेवढे शेजाऱ्यांना विचारून ठेवा.