सातव्या निष्ठावंताची हकालपट्टी

खासदार बोंग चे-दक यांना पक्षातून हाकलण्यात येत आहे, हे त्यांना कळवण्याचा मान मला मिळाला. मी 'उद्याचा सूर्य' पक्षाच्या शिस्तपालन समितीचा चिटणीस. सोबत पुष्पगुच्छ नेला होता.

निवडणूक कायद्यात नुकतीच दुरुस्ती झाली होती. मतदाराला मतं दोन: एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाला. दुसऱ्या मतातून लहान पक्षांनाही थोड्याफार जागा मिळाव्यात, अशी ती दुरुस्ती. आम्ही तिचं मनापासून स्वागत केलं आणि लगेच एक लहान पक्ष काढला. नाव 'उद्याचं ऊन'. कार्यालय आमच्याच मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीत. विरोधकांनीही आपला एक काढला. लोकशाहीत समान संधी हवीच.

मतपत्रिकेवरचा क्रमांक पक्षाकडे खासदार किती, यावर ठरतो. विरोधकांनी आपल्या बाळाला सहा खासदार दिले होते, म्हणून आम्हाला सात द्यायचे होते. अडचण एवढीच की दुसऱ्या मतावर, पक्षाच्या यादीतून आलेल्या खासदारानं स्वतःहून पक्ष सोडला तर खासदारकी जाते. पक्षानं हाकललं तर राहते. तेव्हा सर्वांत निष्ठावंत असे सात जण निवडून त्यांना हाकलायचं, असं ठरलं. सहा जणांचं चहापाण्यासह आटोपलं होतं. मुदत शुक्रवारपर्यंत होती आणि बोंगसाहेब सातवे होते.

त्यांच्या निष्ठेबद्दल शंकाच नव्हती. अठरा वर्षांत पक्षाची सहा नावं झाली होती. प्रत्येक पराभवानंतर नाव आणि रंग बदलणं ही आमची आत्मपरीक्षणाची पद्धत आहे. बोंगसाहेबांच्या कपाटात सहा रंगांची सहा प्रचार-जाकिटं इस्त्री करून टांगलेली होती.

"गुन्हा काय माझा?" त्यांनी विचारलं.

"ते गौण आहे, साहेब. आम्ही 'पक्षहिताला बाधा' असं लिहितो."

"मी कधी आणली बाधा?"

"आणली नाहीत, म्हणून तर तुमची निवड झाली."

"मग मी खोट्या कागदावर सही करणार नाही. खरा गुन्हा शोधा आणि खुशाल हाकला."

गुरुवारी समिती बसली. अध्यक्षा प्यन ही-रान मॅडमनी कागदी कपातली कॉफी ढवळत सुरुवात केली.

"बोंगसाहेब, बैठकीत कधी झोपलात?"

"सगळेच झोपतात."

"मग तो गुन्हा नाही. विरोधकांबरोबर जेवलात?"

"एकदा. तुम्हीच बोलावलं होतं, मॅडम."

"हे इतिवृत्तात घेऊ नका," मॅडम मला म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळून, "अहो, काहीतरी आठवा ना! उद्या मुदत संपतेय. माणसानं इतकंही अडून बसू नये."

"आठवलंय," असं म्हणून बोंगसाहेबांनी पिशवीतून सहा जाहीरनामे काढले, प्रत्येक नावाचा एक. "माझं गाव सोतेगोल. सहाही जाहीरनाम्यांत लिहिलंय, दुर्गम गावांना दिवसातून दोनदा बस. पहिल्या नावाच्या काळात आपण थांबा बांधला. तिसऱ्या नावाच्या काळात त्याला रंग दिला. पाचव्यात वेळापत्रक लावलं. बस कुठंय, मॅडम?"

मॅडमनी कॉफी पुन्हा ढवळली.

"सहाही वेळा मी गावात उभं राहून हे वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा माझा गुन्हा. लिहा."

"अहो, बाहेर पत्रकार बसलेत!" एक सदस्य पुटपुटला.

"ही तर खरोखरच पक्षहिताला बाधा आहे!" प्यन मॅडम ताडकन उठल्या. "हाकला यांना! खरंखुरं हाकला!"

ठराव एकमतानं झाला. आमच्या समितीच्या इतिहासातली ही पहिली प्रामाणिक हकालपट्टी. पुष्पगुच्छ परत घेण्यात आला. त्यांच्या जागी दुपारी दुसऱ्या एका निष्ठावंताला हाकललं. तो आपला गुन्हा घरूनच टाईप करून घेऊन आला होता.

बोंगसाहेबांची खासदारकी मात्र शाबूत होती. ती घेऊन ते 'गावबस' पक्षात गेले. तो पक्ष म्हणजे काही निवृत्त चालक, एक शिक्षिका आणि एकच मागणी. अडतीस पक्षांच्या मतपत्रिकेत तो शेवटून तिसरा होता. एका खासदारामुळे नवव्या क्रमांकावर आला. तीन टक्के मतं मिळाली की जागा, आणि जागा मिळाली की संसदेत बसचा विषय. बोंगसाहेब एक-एक गाव पायी फिरले. सातवं जाकीट त्यांनी घेतलं नाही.

मतपत्रिका अर्ध्या मीटरहून लांब झाली. ती यंत्रात जाईना, म्हणून मोजणी हातानं झाली. 'उद्याचं ऊन'ला चौदा जागा मिळाल्या. महिन्याभरात तो पक्ष आमच्यात विलीन झाला आणि झेरॉक्सचं यंत्र आपल्या खोलीत परत गेलं. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही जनतेपुढे कमरेत वाकून माफी मागितली. विरोधकांनीही मागितली. कोण जास्त वाकलं, यावर दोन दिवस चर्चा चालली.

'गावबस'ला शून्य पूर्णांक दोन टक्के मतं पडली. सोतेगोलमध्ये एक्केचाळीस जणांनी मतदान केलं; 'गावबस'ला एक. ते कोणाचं, हे सांगायला नको.

पक्षानं मला त्यांच्याकडून सहा जाकिटं परत आणायला पाठवलं. टॅक्सी करून गेलो. थांब्याच्या बाकावर उकडलेली रानभाजी वाळत घातली होती आणि शेजारी एक आजी बसल्या होत्या.

"आजी, बोंगसाहेबांनी तुमच्यासाठी पक्ष सोडला. तुम्ही मत नाही दिलंत?"

"चे-दकसारखा माणूस पंचक्रोशीत नाही रे. पण त्याचा पक्ष कुठं येणार निवडून?"

"का नाही येणार?"

"त्याला कोणी मतच देत नाही ना! मग आपलं कशाला वाया घालवायचं?"

"मग कोणाला दिलंत?"

"तुमच्या ऊनवाल्यांना. ते बस देणारेत." त्यांनी रानभाजी उलटवली आणि माझ्याकडे बघितलं. "आणि तू रे? इतका शिकलेला दिसतोस. तू कोणाला दिलंस?"

मतदान केंद्रात नवव्या क्रमांकावर माझा हात क्षणभर थांबला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. मतदान गुप्त असतं, एवढंच म्हणालो.

"वाया तर नाही ना घालवलंस?"

"छे, छे," मी म्हणालो.

तुम्हीही हेच म्हणाला असता. तुमचंही मत आजवर एकदाही वाया गेलेलं नसणार.