साधा उकडलेला बटाटा

माझ्या पोटाबद्दल वेटरबाईला काही सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी जे झालं ते आपोआप झालं.

मी व्हर्लिन ट्वेट. मिनेसोटात आमच्या गावी धान्याच्या कोठारावर जन्मभर काम केलं. शाळा मला फारशी मानवली नाही (शाळेलाही मी मानवलो नसणार), पण मका ओला आहे की वाळलेला, हे मी दाणा दाताखाली धरून सांगतो. तेव्हा लिहिण्यात कुठे वेडंवाकडं दिसलं तर चालवून घ्या.

मार्च महिन्यापासून माझ्या जेवणाचा कारभार केल्सी नावाच्या मुलीकडे गेला. ती दवाखान्यात बसते आणि लोकांना काय खायचं नाही ते सांगते. वयानं माझ्या नातीएवढी असेल. माझ्या आतड्यांची हकीकत तिनं न हसता ऐकून घेतली आणि म्हणाली, "व्हर्लिन, कांदा बंद. लसूण बंद. गहू बंद. दूध, सफरचंद, राजमा, मशरूम, मध, सगळं बंद."

"मग चालू काय?" मी विचारलं.

"बटाटा," ती म्हणाली. पुढेही ती बराच वेळ बोलत होती, पण मला एका वेळी एकच गोष्ट लक्षात राहते. ती बटाटा ही होती. आर्डिस, म्हणजे माझी बायको, नेमकी बाहेर गाडी लावत होती. घरी जाताना तिनं विचारलं, "काय खायचं म्हणाली?" मी म्हटलं, "बटाटा." त्या दिवसापासून आमच्याकडे बटाटा.

आता आर्डिसचं ऐका. ती चौथीत असताना तिच्या बाईंनी फळ्यावर व्हेल काढायला घेतला. व्हेल फळ्यात मावेना, म्हणून शेपूट त्यांनी भिंतीवर काढलं. हेडमास्तर त्यावरून बाईंना बरंच बोलले म्हणतात. पण व्हेल आर्डिसच्या डोक्यात बसला तो बसलाच. आमच्याकडे तळी पुष्कळ, पण व्हेल मावेल असं एकही नाही. शेवटी या उन्हाळ्यात आम्ही गाडी काढली आणि समुद्र आडवा येईपर्यंत चालवली. तो मेन राज्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेल दाखवणाऱ्या बोटीची आमची तिकिटं होती. बोट अर्धा दिवस समुद्रात राहणार होती आणि बोटीवर संडास एकच होता. (आर्डिसनं हे दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा तिकिटवाला खिडकीतून वाकून माझ्याकडे बघायला लागला.)

"व्हर्लिन," आर्डिस म्हणाली, "आजचं जेवण सुखरूप पार पडलं तर उद्या व्हेल. नाहीतर राहिलं. मी एकटी जाणार नाही, आधीच सांगते. तू इथे कळवळत बसणार आणि मी तिकडे मासे बघत बसू?"

"व्हेल मासा नाही," मी म्हटलं.

"विषय बदलू नकोस."

ऊन असतानाच आम्ही धक्क्यावरच्या हॉटेलात जेवायला गेलो. लांबलचक बाकडी, आणि बाकड्यांवर बँकेतली वाटावीत अशी मोठीमोठी माणसं गळ्यात कागदी लाळेरी बांधून लॉबस्टर फोडत बसलेली. आम्हाला लॉबस्टरचा विचारसुद्धा शिवला नाही. एवढी महाग वस्तू, म्हणजे तिच्यात लसूण असणारच, असा आमचा हिशोब.

वेटरबाईचं नाव ग्लेनिस. "काय आणू, राजा?" तिनं मला विचारलं. (तिकडे त्या सगळ्यांनाच राजा म्हणतात. आर्डिसला ते माहीत नव्हतं.)

इथेच जर मी म्हटलं असतं की बाई, माझं पोट असं असं आहे, तर गोष्ट संपली असती. पण आमच्याकडे कमरेच्या पट्ट्याखालचा विषय चारचौघांत काढत नाहीत. आमच्या शेजारच्या लाइलचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा तो "जरा कसंतरी होतंय" एवढंच म्हणाला आणि ट्रॅक्टर धुवायला गेला.

"एक उकडलेला बटाटा," मी म्हटलं. "साधा."

"त्याच्यावर काय? लोणी, चीज, कांद्याची पात?"

"काही नको. नुसताच."

"आणि प्यायला?"

"गरम पाणी."

ती आर्डिसकडे वळली. माझ्यासमोर चांगलंचुंगलं खायचं नाही, हा आर्डिसचा मार्चपासूनचा नेम. "मलाही तोच," ती म्हणाली.

"म्हणजे अजून एक बटाटा?"

"मोठा असला तर त्यातलाच अर्धा द्या. उगाच वाया नको."

ग्लेनिसची पेन्सिल थांबली. "कुठून आलात तुम्ही?"

"मिनेसोटाहून. गाडीनं."

"अगं बाई! आणि रात्री कुठे झोपता?"

"काल गाडीतच झोपलो," आर्डिस म्हणाली. (मोटेलच्या खोलीखाली भटारखाना होता आणि लसणाच्या वासानंच मला कसंतरी व्हायला लागलं. हे सांगायचं राहून गेलं.)

ग्लेनिस आवाज खाली आणून म्हणाली, "राजा, शेवटचं पोटभर कधी जेवला होतास?"

खोटं बोलायची मला सवय नाही. नीट आठवून मी म्हटलं, "मार्चमध्ये."

तेवढ्यात आर्डिसनं पर्समधून रुमालात बांधलेली बटाट्याची चकती काढली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. ग्लेनिस एप्रनला नाक पुसत आत पळाली.

"सर्दी झालीय बिचारीला," आर्डिस म्हणाली.

बटाटा यायच्या आधी शिंपल्यांच्या सूपची दोन मोठी भांडी आली. दूध, मैदा आणि कांदा यांचं एवढं दाट सूप मी पाहिलं नव्हतं. चमचा त्यात उभा राहिला.

"चुकून जास्तीचं झालं," ग्लेनिस छताकडे बघत म्हणाली. "घेऊन टाका."

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं. दोनदा नको म्हणण्याच्या आधी घेतलं तर माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर त्याचा अर्थ भांडण.

"नको," मी म्हटलं.

"घे रे राजा."

"नको, खरंच."

"माझ्यासाठी घे."

झालं. सूप माझं झालं.

पलीकडच्या बाकड्यावर सॅल नावाचा एक गडी बसला होता, न्यू जर्सीचा. कपाटाएवढा माणूस, लाळेरं त्याला टायसारखं दिसत होतं. तो लसूण लावलेल्या पावाची टोपली घेऊन उठला. "काका, आमच्यानं संपत नाहीये हो." मी दोनदा नको म्हटलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मग कुणी तळलेल्या कांद्याच्या चकत्या पाठवल्या, कुणी चीजमध्ये बुडवलेल्या शेवया, कुणी ॲपल पाय, वर आइस्क्रीम. केल्सीनं बंद केलेला एकही पदार्थ वाट चुकला नाही. सगळ्यांच्या मध्ये आमचा अर्धा अर्धा बटाटा लाजल्यासारखा बसला होता.

"हे लोक किती मायाळू आहेत," मी म्हटलं.

आर्डिस इकडेतिकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "व्हर्लिन, आपण भिकारी आहोत असं वाटतंय त्यांना."

मी वर पाहिलं. सगळं हॉटेल खायचं थांबलं होतं. लाळेरी बांधलेली ती सगळी माणसं, हातात लॉबस्टरच्या नांग्या धरून, ओल्या डोळ्यांनी माझ्या पहिल्या घासाची वाट बघत होती. सॅल एका हातानं बायकोचा खांदा थोपटत होता.

"खा," आर्डिस ओठ न हलवता म्हणाली.

"अगं, पण उद्या..."

"उद्याचं राहू दे. एवढ्या प्रेमानं दिलंय, परत कसं करायचं? फार वाईट दिसेल. खा तू. व्हेल काय, टीव्हीवरही दाखवतात."

तिनं हे अगदी सहज म्हटलं, जसं आपण मीठ इकडे दे म्हणतो. आणि मग रुमालाची घडी घालायला लागली. घडी घालून झाल्यावर तिनं ती उलगडली आणि परत घातली.

मी चमचा खाली ठेवला आणि उभा राहिलो. लग्नातसुद्धा मी एवढ्या लोकांपुढे बोललो नव्हतो. तिथे फक्त "हो" म्हणायचं होतं.

"मंडळी," मी म्हटलं, "आभारी आहे. पण मी गरीब नाही. मला पेन्शन आहे. गाडी माझी स्वतःची आहे. बिघडलीत ती फक्त आतडी."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझी एक खोड आहे, गोष्ट मला मधूनच सांगता येत नाही, मुळापासून सांगावी लागते. मी मार्चपासून सुरुवात केली. चर्चमधलं सामुदायिक जेवण, त्यातला राजमा, त्यानंतरची प्रार्थना, प्रार्थनेतली शांतता आणि त्या शांततेत माझ्याकडून झालेला व्यत्यय, सगळं सांगितलं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला वाटलं तिचंच काही चुकलं, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेही सांगितलं. आर्डिसनं रुमाल तोंडावर ओढून घेतला.

माझं संपल्यावर कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "मला काकडीनं होतं."

"मला ढोबळी मिरची," दुसरा म्हणाला.

"ह्यांना कॉफी," एक बाई म्हणाली. "रस्त्यात तीन पेट्रोलपंपांवर थांबलो आम्ही!"

आणि मग काय विचारता. जो तो आपलं पोट घेऊन पुढे आला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळ्यांनी मोकळं केलं, बोलण्यातून म्हणतोय मी. सॅलची बायको रोझान टेबलावरून वाकून म्हणाली, "अहो, मला हेच पथ्य आहे! कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही."

"मग तुम्ही बटाटा खाता का?" मी सहानुभूतीनं विचारलं.

"बटाटा कशाला? लॉबस्टर खातेय ना मघापासून. नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडतात तो. त्याच्यात लसूण कुठे असतो? आपल्याला मासे चालतात, अंडी चालतात, भात, गाजर, मटण, संत्री. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

आर्डिसनं रुमाल तोंडावरून खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मार्चपासूनचे सगळे बटाटे त्या नजरेत होते.

"सांगितलं असेल," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी एकेक लॉबस्टर खाल्ला. आर्डिसनं वर सूपही संपवलं, पाव संपवला आणि ॲपल पायही. नेम मोडल्यावर ती अर्धवट मोडत नाही.

सकाळी माझं पोट गाढ झोपलं होतं. इतकं शांत पोट मला लग्नानंतर आठवत नाही. आम्ही बोटीवर चढलो, आणि कर्ण्यातून कॅप्टनचा आवाज आला, "मिनेसोटाचे काका आले का? त्यांची जागा मागे ठेवलीय!"

काल कोपऱ्यात काकडीचं बोललेला म्हातारा म्हणजेच कॅप्टन निघाला. बोटीच्या मागच्या टोकाला संडासाचं दार होतं आणि दाराला चिकटून त्यानं माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. खुर्चीवर उशी.

"नको हो," मी म्हटलं. "मी आज ठणठणीत आहे."

"बसा हो काका."

"नको, खरंच. पुढे बायकोबरोबर उभा राहतो."

"माझ्या बोटीवर तुमची आबाळ नाही होणार. बसा."

तीनदा झालं. मी बसलो. "तू जा पुढे," मी आर्डिसला म्हटलं, आणि ती पळाली. तिला मी पळताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

समुद्र खवळलेला होता. लवकरच माझ्या दाराशी रांग लागली. खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, म्हणजे तो इथलाच असणार, असं लोकांनी धरलं. "जाऊ का?" असं ते मला विचारायचे, आणि मी "जा" म्हणायचो. एकीनं मला पर्स धरायला दिली. दुसरीनं मूल दिलं. एकानं बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, "स्वच्छ ठेवलंय हो." मी म्हटलं, "आभारी आहे."

मग आतून एका बाईचा बारीक आवाज आला. "बाहेर कुणी आहे का? कागद संपलाय."

आजूबाजूला पाहिलं तर मीच होतो. खालच्या खोलीत कपाट होतं, कपाटात सगळीकडे दोरखंड आणि सगळ्यात मागे कागदाच्या गुंडाळ्या. मी एक बाहेर ओढतोय तोच डोक्यावर धावपळ झाली, बोट मागच्या अंगाला कलली आणि सगळी माणसं एकदम ओरडली.

मी वर आलो तेव्हा पाण्यावर फक्त फेस होता. माझ्या खुर्चीवर एक माणूस कॅमेरा घेऊन उभा होता. आर्डिस माझ्याकडे धावत आली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, हसतही होती आणि रडतही होती.

"व्हर्लिन! पूर्ण बाहेर आला रे! अख्खा! इथेच, तुझ्या खुर्चीला लागून! बघितलास ना? बघितलास ना तू?"

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात दारावर आतून टकटक झाली.

"अहो, मिळाला का?"

"हो," मी म्हटलं. "मिळाला."