लिंबं फुटली नाहीत

माणसानं मनावर घेतलं, तर बावीस वर्षं पडून असलेली फियाटसुद्धा उठून चालायला लागते! हे वाक्य मी गेलं वर्षभर बँकेत इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी शेवटी आमचा शिपाई चहा ठेवताना स्वतःच म्हणायचा, "व्हय साहेब, उठली आसंल की." मला टोमणा कळत होता. पण मोठं काम हाती घेतलेल्या माणसानं टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नसतं.

फियाट माझ्या सासऱ्यांची. सासरे म्हणजे शिवमूर्तीमामा, गुळाचे मोठे व्यापारी. चोवीस वर्षांपूर्वी मी त्यांचा जावई झालो, आणि या चोवीस वर्षांत त्यांनी मला एकदाही बरं म्हटलेलं नाही. वाईटही म्हणत नाहीत म्हणा. "हे आमचं पावणं. बँकेत असतात," एवढंच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की माझं तिथं असणंसुद्धा बँकेनं सहन केलंय. एकदा त्यांच्या मोरीतला नळ मी बसवून दिला. मी हात पुसतोय तोवर त्यांनी प्लंबरला फोन लावला होता.

तेव्हा मामांच्या पंचाहत्तरीला त्यांची स्वतःची फियाट दारात उभी करायची, तिच्यात बसवून त्यांना खिद्रापूरच्या कोपेश्वराला न्यायचं, आणि त्यांच्या तोंडून एक, फक्त एक, चांगला शब्द काढून घ्यायचा, असा माझा बेत होता. बायको, शिवांजली, म्हणाली की आप्पांना शाल द्या आणि मोकळे व्हा. बायका मोठ्या कामात अशाच बोलतात, म्हणून मी तिच्याकडेही लक्ष दिलं नाही.

गाडी वडणग्याजवळ मामांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात होती. इंजिन गेलं म्हणून तिथं ठेवलेली, असं सगळे सांगायचे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. वर माळ्यावर ठेवलेला काकवीचा डबा कधीतरी कलंडला होता आणि ती सगळी काकवी सीटच्या पोटात मुरली होती. गाडी टेम्पोवर चढवली तशा मुंग्याही आल्या. त्या अजून आहेत.

उद्यमनगरातला कृष्णात मिस्त्री चांगला कारागीर. पण विकतचा पार्ट लावणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटतो. मी म्हटलं, पुण्यात जुन्या बाजारात पार्ट मिळतात, मी आणून देतो. तो लेथ बंद करून माझ्याकडे वळला. "पावणं, ह्या उद्यमनगरात उडायचं इमान सोडून समदं हुतंय. पुण्याला कशाला जायाचं?" मग त्यानं एकेक पार्ट स्वतः ओतला, कातला, घासला. दोन महिन्यांचं काम अकरा महिन्यांवर गेलं. मी रोज बँक सुटल्यावर तिथं जाऊन बसायचो आणि तो मला रोज एक नवीन नट दाखवायचा. नटाचं कौतुक करून करून माझे शब्द संपले!

वाढदिवस दोन दिवसांवर आला तेव्हा इंजिन सुरू होत होतं, ब्रेक लागत होता (जरा उशिरा, पण लागत होता), डाव्या बाजूला रंग झाला होता आणि उजव्या बाजूला नुसता राखाडी प्रायमर होता. एकच गोष्ट राहिली होती. रिव्हर्स गियरचे दात झिजले होते, आणि नवीन करायला कृष्णातला आठ दिवस हवे होते.

"मागं जायाचंच कशाला?" तो म्हणाला. "खिद्रापूर पुढंच हाय की."

मला हे पटलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा पटलं.

मामांचं घर शुक्रवार पेठेत, एका बंद बोळाच्या टोकाला. समोर भिंत, डाव्या हाताला फाटक. माझा बेत असा, की गाडी बोळाच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर थांबवायची आणि पंगत उरकली की तिथूनच निघायचं. मामा रेशमी धोतर नेसून चालत आले. गाडीपाशी थांबले. बॉनेटवर हात फिरवला. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग ते म्हणाले, "आत आणा. पूजा दारात हुईल." पूजेला आलेल्या जंगम स्वामींनी भर घातली की गाडीचं तोंड पूर्वेला हवं. पूर्व म्हणजे बोळाच्या टोकाची भिंत.

आता त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. पण त्या भरल्या डोळ्यांपुढे रिव्हर्स नाही म्हणून कसं सांगू? हो म्हटलं आणि आत घातली. ब्रेक उशिरा लागला, बंपर भिंतीला टेकला आणि गाडी नेमकी फाटकाला आडवी उभी राहिली. मामा म्हणाले, जरा मागं घ्या की. मी म्हटलं, राहू दे मामा, आता हललं तर मुहूर्त चुकेल.

पूजा झाली. बॉनेटवर विभूतीचे पट्टे आले, हार चढला, नारळ फुटला. स्वामींनी चारी चाकांपुढे चार लिंबं ठेवली आणि म्हणाले, "हं, घ्या पुढं."

पुढं भिंत! मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. शेवटी खाली उतरून, मामांच्या पायांकडे बघत, रिव्हर्सचं सांगितलं आणि म्हटलं, चार माणसं लावून ढकलतो मागं. मामांनी हात वर केला.

"पूजा झालेली गाडी पैल्यांदा मागं न्हाय जायाची. आज तर न्हाईच न्हाई."

स्वामींनीही मान डोलावली. आधी लिंबं फुटली पाहिजेत, मग कुठंही न्या. आणि तेवढ्यात जेवायला बोलावलेली दोनशे माणसं बोळात शिरली.

फाटकात जायला आता एकच वाट होती. गाडीच्या उजव्या दारानं आत शिरायचं, मागच्या सीटवरून सरकायचं आणि डाव्या दारानं थेट अंगणात उतरायचं. पहिल्या गेल्या मामांच्या थोरल्या बहीण, आक्का. त्या सीटवर बसल्या, त्यांना मऊ लागलं, आणि त्या उतरेनात. मागं रांग लागली. मी दार धरून उभा राहून प्रत्येकाला डोकं सांभाळा म्हणत होतो. उन्हानं सीटमधली काकवी पातळ होऊन वर आली, तशी माणसं चिकटायला लागली. एका पाहुण्यांचं धोतर आत राहिलं आणि ते अंगणात पोचले. बासुंदीचं पातेलं नेताना आचारी मधेच अडकला आणि मुंग्यांनी त्याला गाठलं. सगळे मला एकच विचारत होते, गाडी जरा मागं का घेत नाही, आणि शिवांजली फाटकातून माझ्याकडे बघत होती. ती शालीबद्दल काही बोलली नाही. तिनं बोलायची गरजच नव्हती.

तोडगा अखेर स्वामींनीच काढला. जेवून, हात धुऊन ते म्हणाले, "चाकं फिरली न्हाईत, म्हंजी गाडी गेली न्हाई. उचला." शेजारच्या तालमीतले बारा पैलवान आले. मामा म्हणाले, मी आत बसणार. मग स्टिअरिंगला मी बसलो, पैलवानांनी खांदे लावले आणि फियाट हारासकट अधांतरी बोळातून निघाली. गाडीत आम्ही दोघंच होतो.

मामा पुढं वाकले आणि हळू आवाजात बोलायला लागले. "पावणं, इंजिन गेलतं म्हून सांगितलं ते खोटं. गुऱ्हाळात मीच हिला तोंडाकडनं आत घातली, मग मागं काढता येईना. मला रिव्हर्स कधी जमलाच न्हाई. कुणाला म्हणायची लाज वाटली, म्हून तशीच सोडली."

चाकं हवेत होती, तरी मी ब्रेक दाबला.

"आज तुम्ही बी लाजंनं गप बसला. तुम्ही अगदी माझ्यावर गेलाय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोटचा ल्योक आसता तरी आसा निघाला नसता. पर खाली उतारल्यावर मी ह्यातलं कायबी बोललो न्हाई."

पैलवानांनी गाडी मोठ्या रस्त्यावर तोंड वळवून ठेवली आणि स्वामींनी लिंबं पुन्हा चाकांपुढे मांडली. मी पहिला गियर टाकला, चारी लिंबं फुटली, टाळ्या पडल्या. गर्दीतून कुणीतरी मामांना विचारलं की जावयाचं काम कसं वाटलं.

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साधा रिव्हर्स बघून घ्यायचं कळत न्हाई, आन् चाललेत गाड्या दुरुस्त करायला!"

सगळा रस्ता हसला. मीही हसलो, चांगला पोटभर हसलो. शिवांजली खिडकीशी आली आणि कळवळून म्हणाली, "चारचौघांत एवढं बोलले, आणि तुम्ही हसताय काय?"

मी म्हटलं, "सवय झालीय."